दुसऱ्या चौकटीतली बाई

दुपारचं आवरून हेमलता पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली, तर विठ्ठलराव पलंगावर नव्हते. नजर आधी गेली ती दाराकडं. वरची कडी लागलेली होती. मग दिसले ते, जेवणाच्या टेबलाशी, लॅपटॉपसमोर. खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, काठी फरशीवर पडलेली आणि डावा हात माऊसवर. पलंगापासून ती खुर्ची सहा पावलं. जुलैनंतर ही सहा पावलं ते तिच्या खांद्याशिवाय चालले नव्हते. पडले असते म्हणजे? ती ओरडायलाच निघाली होती, पण पडद्याकडं लक्ष गेलं. सकाळी तिनं करून ठेवलेलं चित्रांचं पान तिथं नव्हतं. तिचं पान आठ चौकटींचं असायचं, दात घासण्यापासून दुपारच्या झोपेपर्यंत. हे पान चार चौकटींचं होतं आणि ते तिनं केलेलं नव्हतं.

पहिल्या चौकटीत एक पुरुष, टाय लावलेला, आणि त्याच्यासमोर बंद दार. दुसरीत दार उघडं, दारापाशी बाई, कपाळावर तांबडा ठिपका. बाई हसतेय. तिसरीत बागेतला रस्ता आणि पुरुषाची पाठ. चौथीत नुसतं पाणी. चित्र समुद्राचं होतं, कारण चित्रं जुळवायच्या त्या वेबसाईटवर फुकट मिळणाऱ्या देखाव्यांत पाण्याचा देखावा तेवढा एकच होता. पाण्यात कोणी नाही, काठावर कोणी नाही. बोलण्याचे फुगे कुठंच घातलेले नव्हते. हेमलतानं ते एकदा पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून, दोन नव्या इमारतींच्या फटीतून, भूगावचा तलाव वीतभर दिसतो. तिनं तिकडं मान वळवली नाही. विठ्ठलराव मात्र तिच्याकडं बघत होते. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली, पण डावा डोळा चांगला जागा. काहीतरी पुढं ठेवून ते समोरच्याची वाट बघत होते. "छान काढलंय हं," ती म्हणाली, पोराटोरांशी बोलायच्या आवाजात, आणि त्यांना उठवून पलंगावर नेऊन निजवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली नव्हती, हे तिलाही कळत होतं.

मग ती त्याच खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती. ह्या माणसाला मरायचंय, असं तिच्या मनात अगदी सरळ आलं, उद्या गॅसचा सिलिंडर येणार आहे असं यावं तितकं सरळ. मरायचंय, आणि ते त्यानं मला सांगितलंय. आठ महिन्यांत पहिल्यांदा काही सांगितलं, ते हे.

हे कॉमिकचं खूळ जुईलीनं आणलेलं. जुईली त्यांची एकुलती एक, हिंजवडीला नोकरी, तिकडंच फ्लॅट. मार्चमध्ये विठ्ठलरावांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि अक्षरंही गेली. अक्षरं गेल्याचं कळायलाच दीड महिना लागला. पेपर हातात दिला की ते तो धरून बसायचे, म्हणून घरच्यांना वाटायचं वाचतायत. एके दिवशी पेपर उलटा होता. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, ऐकलेलं त्यांना समजतं, चित्र समजतं, तेव्हा दिवसाचा कार्यक्रम चित्रांतून दाखवत जा, त्यांचा जीव थाऱ्यावर राहील. जुईलीनं लगेच वेबसाईट शोधली. पैसे नकोत, खातं उघडायला नको, ब्राउझरमध्ये पान उघडायचं आणि डावीकडच्या पट्टीतून माणसं, दारं, खुर्च्या, झाडं ओढून चौकटीत सोडायची, झालं कॉमिक. आईला तिनं एका रविवारी शिकवलं. हेमलतानं उभ्या जन्मात रांगोळीपलीकडं काही काढलं नव्हतं. पण जूनपासून रोज सकाळी साडेसहाला ती टेबलाशी बसायला लागली, आणि आता काय म्हणावं, तिला त्याची गोडी लागली. फुकटातली बाई झग्यातली होती. पाचवारीतली हवी तर पैसे भरा म्हणे. तिनं तांबडा गोल ओढून त्या बाईच्या कपाळावर नेऊन ठेवला आणि ती बाई हेमलता झाली. पलंगावर झोपलेला मोठा माणूस तर फुकटात नव्हताच. झोपलेला एक मुलगा होता, आठ-दहा वर्षांचा, पट्ट्यांच्या पायजम्यातला. भरवून घेणारा, अंघोळीच्या टबात बसलेलाही तोच. तिनं त्याला मिशा चिकटवल्या. जुईली पोट धरून हसली होती, आणि हेमलतासुद्धा.

खरं सांगायचं तर तो मिशांचा मुलगा तिला आवडायला लागला होता. सांगितलं की तोंड उघडायचा. गोळी जिभेखाली दडवून अर्ध्या तासानं उशीवर थुंकायचा नाही. चादर बदलताना अंग ताठ करायचा नाही. सकाळच्या त्या अर्ध्या तासात हेमलता त्याला न्हाऊ घालायची, जेवू घालायची, झोपवायची, आणि मग उठून खऱ्या माणसाकडं जायची, तेव्हा तिच्या अंगातलं बळ गेलेलं असायचं. आणि हे सगळं विठ्ठलरावांनी पाच महिने रोज बघितलं. आपण पायजम्यातलं पोर झालोय आणि आपली बायको मात्र मोठीच्या मोठी आहे, हे बघितलं, आणि मुकाट मान हलवून दात घासायला तोंड पुढं केलं. तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं हे! आज त्यांनी टायवाला घेतला. टाय त्यांनी जन्मात बांधला नाही, लग्नातसुद्धा. पण आपल्या पायावर उभा असलेला पुरुष तेवढाच होता.

बाई हसत होती ते मात्र तिच्या घशाखाली उतरेना. तिनं दुसरी चौकट मोठी करून पाहिली. झग्यातली, कुंकवाची, दोन्ही गाल वर गेलेले. मग तिला आठवलं, की ह्या वेबसाईटवर कुठलंही माणूस पट्टीतून ओढून आणलं की हसतच येतं. चेहरा बदलायचा तर डोक्यावर दोनदा टिचकी मारावी लागते, मग चार छोटे चेहरे उघडतात, हसरा, रडका, रागीट, दचकलेला. त्या छोट्या चेहऱ्यांवर बाण नेमका नेणं तिलासुद्धा पहिल्या आठवड्यात जमलं नव्हतं. ह्यांचा हात डावा, आणि थरथरता. जमलं नसेल. आली तशी राहू दिली असेल. तिला हायसं वाटलं, पण ते काही टिकलं नाही, कारण ती ह्या माणसाला पस्तीस वर्षं ओळखत होती.

विठ्ठलराव पौडच्या भूमी अभिलेखच्या कचेरीत भूकरमापक होते. आख्ख्या मुळशीच्या जमिनी मोजलेल्या. कराडहून बदली होऊन आले तेव्हा भूगावात भाताची खाचरं होती, आणि ज्या इमारतीत ते आज झोपून होते तिची जागासुद्धा त्यांनीच मोजलेली. "आपला जिना शंभूच्या खाचरात आहे आणि लिफ्ट भिकूच्या," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पेन्सिलीला टोक असं की बोटाला टोचावं. जुईलीनं शाळेत असताना एकदा त्यांच्या नकाशावरची एक फिकट रेघ पाहून विचारलं होतं, ही पुसायची राहिली का बाबा? त्यावर ते म्हणाले होते, "माझ्या नकाशात राहिलेलं काही नसतं. असतं ते ठेवलेलं असतं." असा माणूस बाईचा चेहरा आहे तसा राहू देईल? पलंगापासून सहा पावलं एकट्यानं येऊन, काठी टाकून, अर्धा-पाऊण तास घाम गाळून चार चौकटी लावेल आणि चेहऱ्यापाशी कंटाळा करेल?

म्हणजे त्यांना वाटतं मी हसेन. टेबलावर कोपरं टेकून तिनं कपाळ दाबून धरलं. वाटेल नाही तर काय? ऑगस्टमध्ये कराडहून थोरल्या बहिणीचा, माईचा, फोन आला होता. त्या दिवशी तिसऱ्यांदा चादर बदलून झालेली, कमरेत उसण भरलेली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती म्हणाली होती, "माई, देवानं आता सोडवावं. त्यांनाही आणि मलाही." रडत नव्हती ती बोलताना. रडत असती तर निदान त्याचं काही वाटलं नसतं. नुसतं बोलली, भाजी काय केली ते सांगावं तसं. फोन ठेवून बाहेर आली तर विठ्ठलराव छताकडं बघत होते. ऐकलेलं त्यांना समजतं, हे त्या वाचावाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण समोरचा माणूस उत्तरच देत नसला की हळूहळू त्याच्यासमोर काहीही बोललं जातं, खुर्चीसमोर बोलावं तसं. त्यानंतर संध्याकाळी तिनं त्यांना शिरा केला होता. आता त्या शिऱ्याची तिला शरम वाटली.

तिनं मोबाईलनं पडद्याचा फोटो काढून जुईलीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन मिनिटांत पोरीचा फोन. बाबांनी स्वतः केलं हे? एकट्यांनी? किती क्यूट आहे, आई, त्यांना बीचवर जायचंय! मग पुढचं तिचं तिनंच ठरवून टाकलं. रविवारी ती गाडी घेऊन येणार, ताम्हिणीतून दिवेआगर, व्हीलचेअर डिकीत बसते, हॉटेल तळमजल्यावरचं बघते. पोरगी आनंदानं रडायला आलेली. हेमलता बरं बरं म्हणत राहिली, आणि फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं तिनं त्या समुद्राला घट्ट धरून ठेवलं. जाऊ की. चादरी जास्तीच्या घ्यायच्या, मऊ भाताचा डबा घ्यायचा. ह्यांचे पाय भिजवायचे. पण कसलं काय. आयुष्यात एकदा समुद्रावर गेले होते, गणपतीपुळ्याला, तर वाळू शिरते म्हणून बूट काढले नव्हते आणि दीड तास गाडीत बसून सात-बारे तपासत होते. समुद्राची हौस ह्या माणसाला कधीच नव्हती. आणि समुद्रावर जायचं असतं तर त्यानं चौथ्या चौकटीत माणूस ठेवला असता.

चार वाजता सारजाबाई आली. मूळची मुळशीतल्या माले गावची, आता भूगावच्या गावठाणात खोली घेऊन राहायची. झाडलोट करायची आणि विठ्ठलरावांचे हातपाय तेलानं चोळून द्यायची. तिच्या सासऱ्याची जमीन विठ्ठलरावांनी मोजलेली, म्हणून ती त्यांना अजून सायब म्हणायची आणि पलंगाजवळ जाताना डोक्यावर पदर घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं. हेमलतानं काही विचार न करता लॅपटॉप तिच्याकडं वळवला आणि म्हणाली, बघ गं, साहेबांनी काढलंय. सारजाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली, वाकून नीट पाहिलं. तिला जुळवायला काहीच वेळ लागला नाही.

"ह्ये तर सादं हाय, ताई. सायब म्हणत्यात, कडी काढ. हितं तुमी काढून दिलीया. अन् हसताय, म्हंजी राजीखुशीनं काढून दिलीया."

"आणि हे?" हेमलतानं चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. सारजाबाईनं पाण्याच्या दोन्ही कडा न्याहाळल्या. "हितं सायब न्हाईत," एवढंच म्हणाली, वाटी उचलून पलंगाकडं गेली, आणि त्या दिवशी तिनं पाय चोळताना रोजच्यासारख्या गावच्या गप्पा सांगितल्या नाहीत.

कडी. हेमलता इतका वेळ चेहरा बघत बसली होती आणि ती बाई उभी कुठं आहे ते तिनं पाहिलंच नव्हतं. जुलैत एकदा विठ्ठलराव काठी घेऊन एकटेच बाहेर पडले होते. ती दळण घेऊन आली तर दार सताड उघडं, आणि हे खाली फाटकापाशी, एका पायात चप्पल. वॉचमननं धरून ठेवलेले. त्या दिवसापासून ती वरची कडी लावायची. दार फुगलेलं, एका हातानं दाबून धरल्याशिवाय कडी सरकतच नाही. दोन हात लागतात तिला. विठ्ठलरावांकडं एकच होता. जुलैत ते कुठं निघाले होते हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. वाट चुकले, असं सगळ्यांना सांगितलं. भूगावातल्या बांधांचा आकडा न् आकडा पाठ असलेला माणूस म्हणे फाटकापाशी वाट चुकला!

आणि राजीखुशीनं. तो शब्द तर कचेरीतलाच. मोजणी झाली की हे घरी येऊन सांगायचे, आज लगतवाल्यांच्या सह्यांसाठी किती खोळंबलो ते. शेजारच्या जमिनीचा मालक म्हणजे लगतधारक. त्याला आधी नोटीस जाते, त्याच्यासमोर हद्द दाखवावी लागते, आणि त्यानं बघून सही करायची. विठ्ठलराव नकाशा बोनेटवर पसरायचे आणि बाजूला उभे राहायचे. समजावायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, कुणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. समोरच्यानं नाही म्हटलं तर 'सहीस नकार' असं लिहून नकाशा गुंडाळायचे आणि जीपमध्ये बसायचे. दुपारी ते असेच बघत होते तिच्याकडं. पस्तीस वर्षं ह्या माणसानं तिला कशाची परवानगी विचारली नव्हती. बदली, फ्लॅट, जुईलीचं कॉलेज, सगळं ठरवून यायचे आणि जेवताना सांगायचे. आता विचारलं, ते हे विचारलं! तिला भयंकर संताप आला.

सारजाबाई पाच वाजता गेली. हेमलतानं तिच्या मागं दार दाबून कडी सरकवली. त्या आवाजाला विठ्ठलरावांनी डोळे उघडले. "उठा," ती म्हणाली. "या टेबलाशी." त्यांना खुर्चीत बसवलं, आणि एरवी मागं उभी राहायची ती आज स्टूल ओढून शेजारी बसली. दुसऱ्या चौकटीतल्या बाईच्या डोक्यावर दोनदा टिचकी मारली आणि चार चेहऱ्यांतला रडका लावला. बाईच्या गालावर दोन निळे थेंब आले. विठ्ठलरावांनी ते पाहिलं. मग डावा हात पुढं केला आणि तिच्या हाताखालून माऊस काढून घेतला. बाण भलतीकडं गेला, झाडावर, दारावर. चेहरे उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. एकदा रागीट लागला, तेव्हा त्यांनी जिभेनं च्यक् केलं, नकाशावर शाई सांडली की करायचे तसं. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं गेली. बाई हसायला लागली आणि त्यांनी हात सोडला. म्हणजे ठेवलेलंच होतं ते.

तिनं माऊस ओढला. पट्टीतून आणखी एक बाई आणली, कपाळावर गोल चिकटवला, आणि तिला चौथ्या चौकटीत पाण्यात नेऊन उभं केलं. विठ्ठलरावांनी ती पुसली. तिनं पुन्हा ठेवली. त्यांनी पुन्हा पुसली, आता जरा लवकर. तिसऱ्यांदा तिनं टायवाल्यालाही आणलं आणि दोघांना पाण्यात शेजारी शेजारी लावलं. ह्या लोकांना हात धरता येत नाहीत, म्हणून एकमेकांवर थोडं चढवून लावलं. विठ्ठलराव ते बघत राहिले. त्यांच्या घशातून काहीतरी घरघरलं, डावा हात उचलला गेला आणि फाडकन् तिच्या मनगटावर बसला. बांगडी टेबलावर आपटली. लग्नापासून त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आणि गेल्या आठ महिन्यांत तिला आपणहून स्पर्शही केला नव्हता.

"मारा," ती म्हणाली. "अजून मारा. फोनवर मी माईला काय बोलले ते ऐकलंत ना तुम्ही? बोलले मी. सुटावं असं वाटलं होतं मला. अजूनही वाटतं. एखाद्या दिवशी वाटतं, एखाद्या दिवशी नाही वाटत. तुम्ही गेलात तर दोन दिवस मी नुसती झोपेन. भांडी घासणार नाही, दार उघडणार नाही, झोपेन. तिसऱ्या दिवशी उठून काय करू? ते काढा ना इथं. तुमचा नकाशा पुरा कुठं झालाय? पाचवी चौकट काढा."

आणि तिनं खरोखरच पाचवी चौकट उघडून दिली. पांढरी, रिकामी, खाली कोपऱ्यात त्या वेबसाईटचं नाव. विठ्ठलरावांनी माऊसवर हात ठेवला. बाण पट्टीकडं गेला, माणसांवरून फिरला, घरांवरून फिरला, खुर्चीपाशी थांबला, पुढं सरकला. बाई उचलली, चौकटीपर्यंत आणली, आणि तिथं तिला काय करायला लावायचं ते त्यांना सुचेना. बाई हसत मधल्या मध्ये लोंबकळत राहिली. डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. झटका आल्यापासून त्यांना कशानंही रडू यायचं, जाहिरातीनंसुद्धा, त्यामुळं हेमलता त्यांच्या रडण्यावर विश्वास ठेवत नव्हती. आज तिनं पदरानं तो डोळा पुसला नाही. बसू दिलं रडत.

हे पान पुसून टाकावं, असं तिच्या मनात आलं. एक बटण दाबलं की काम होतं. पण आठ महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं, ते कसं पुसायचं? तिनं चारही चौकटी राहू दिल्या. फक्त दुसरीत गेली, तिथलं उघडं दार काढलं आणि त्याच्या जागी बंद दार आणून लावलं, नीट, फट राहू न देता. बाई तिथंच राहिली, दाराच्या आत. हसू तिनं तसंच ठेवलं, त्याच्याशी तिचं आता भांडण उरलं नव्हतं. "मी सही करत नाही," ती म्हणाली. "तुमच्या भल्यासाठी म्हणून नाही. मला नको आहे, म्हणून." विठ्ठलरावांनी पडद्याकडं पाहिलं. मग माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. वाद घातला नाही. त्यांचा चेहरा असा मिटला की तिला वाटलं, आता खरंच गेले.

सात वाजता तिनं वरणभात कालवून आणला, मऊ, तूप घातलेला, लिंबू पिळलेला. पहिला चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेले. तिनं आ करून दाखवलं, नेहमी करायची तसं. ते तिच्या खांद्यावरून भिंतीकडं बघत होते. गोळी दडवणं वेगळं आणि हे वेगळं, हे तिला लगेच समजलं. कडी तिच्या हातात होती. तोंड त्यांच्या हातात होतं. दार उघडलं नाहीस ना, मग हे घे. चमचा धरून तिचा दंड भरून आला. खाली ठेवला, पुन्हा उचलला. देवाची शपथ घातली, जुईलीची घातली. रविवारी पोरगी येईल आणि काय बघेल, ते बोलून दाखवलं. काहीही नाही. त्यांच्या हनुवटीवर तुपाचा थेंब सुकत होता. सलाईन, नळ्या, दवाखान्यातला तो हिरवा पडदा, सगळं तिच्या डोळ्यांपुढं येऊन गेलं. आणि ह्या सगळ्यात, कसं सांगायचं, तिला भूक लागली होती. सकाळपासून एक चहा आणि दुपारी ताकाची वाटी, एवढ्यावर होती ती. भाताचा वास सरळ नाकात शिरत होता.

तिनं चमचा फिरवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. गरम होता भात. रोज त्यांचं भरवून, तोंड पुसून, गोळ्या देऊन, कुशीवर वळवून झालं की ती ओट्यापाशी उभ्यानं काहीतरी खायची, तेव्हा सगळं गार झालेलं असायचं आणि कळायचंही नाही काय खाल्लं ते. आता तिनं ताट आपल्यापुढं ओढलं. चमचा बाजूला ठेवून हातानं कालवलं, थोडं मीठ आणून घातलं, लिंबाचं लोणचं आणून वाढून घेतलं. आणि त्यांच्यासमोर, त्याच टेबलाशी, मांडी घालून बसल्यासारखी ऐसपैस खायला लागली. घास चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. अर्धं ताट झालं. विठ्ठलरावांची नजर भिंतीवरून खाली आली. ताटावर आली. तिच्या हाताबरोबर ताटातून तोंडाकडं आणि तोंडाकडून ताटात फिरायला लागली. तिनं बोटं चाटली. कडेचं वरण निपटून घेतलं. दोन घास उरले असतील, तेव्हा त्यांचा डावा हात टेबलावर दाणकन् आदळला.

तिनं वर पाहिलं. डावी भुवई चढलेली, मान पुढं, आणि घशातून आवाज येत होता, शब्द नव्हता त्यात, पण जेवायला उशीर झाल्यावर पौडच्या क्वार्टरात पस्तीस वर्षांपूर्वी यायचा तसा चांगला खणखणीत राग होता. त्यांनी पुन्हा हात आपटला. तोंड उघडलं, मोठं, वाकडं, भुकेलं.

हेमलता उठली नाही. ताट तिनं आणखी जवळ ओढलं.

"थांबा," ती म्हणाली. "माझं होऊ दे."